अनाहिता : विशेषणाचं नाव झालं त्याची गोष्ट

पाउर्व नावाचा एक नावाडी होता. थ्रएतओन या महावीरानं त्याला गिधाडाचं रूप देऊन आकाशात उडवून दिलं. तीन दिवस आणि तीन रात्री पाउर्व आपल्या घराच्या दिशेनं उडत राहिला, पण खाली काही त्याला उतरता येईना. तिसरी रात्र सरून तांबडं फुटायला लागलं, तेव्हा त्यानं एका देवीला हाक मारली आणि नवस बोलला : जमिनीवर, माझ्या घरी सुखरूप पोचलो तर रंघा नदीच्या काठी दूध घातलेल्या हओमाची हजार अर्घ्यं तुला वाहीन. देवी धावत आली. उंच, बळकट, कंबर कसलेली तरुणी. तिनं त्याचा दंड घट्ट धरला आणि बघता बघता त्याला त्याच्या दारात आणून उभं केलं, होता तसा धडधाकट.

पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या आबान यश्तात ही गोष्ट येते. यश्त म्हणजे स्तोत्र आणि आबान म्हणजे ‘आपः’, पाणी. सव्वाशेहून अधिक कडव्यांचं हे स्तोत्र अवेस्तातल्या लांबलचक स्तोत्रांपैकी एक आहे. पाउर्वानं जिला हाक मारली तिचं नाव त्यात ‘अरेद्वी सूरा अनाहिता’ असं येतं. या तीन शब्दांतला शेवटचा शब्द आज मुलींचं नाव म्हणून मुंबईत, तेहरानमध्ये आणि काबूलमध्ये ऐकू येतो. थोडं रूप बदलून तो आर्मेनियात घरोघरी आहे आणि उत्तर भारतातल्या, पाकिस्तानातल्या कित्येक घरांत ‘नाहिद’ होऊन बसलेला आहे. महाराष्ट्रात मात्र अनाहिता हे नाव विरळाच. ज्यांनी ते ऐकलेलं असतं त्यांनाही त्याचा अर्थ बहुधा चुकीचा सांगितलेला असतो.

आधी अर्थ पाहू, कारण सगळी गंमत तिथंच आहे. ‘अरेद्वी’चा अर्थ अभ्यासक बहुधा ओली, ओलावा देणारी असा करतात. ‘सूरा’ म्हणजे बलवान, सामर्थ्यवान. आपला ‘शूर’ तो हाच. ‘अनाहिता’मध्ये सुरुवातीचा ‘अन्’ नकाराचा आहे, आपल्या ‘अनादी’, ‘अनंत’मध्ये असतो तसा. उरलेला ‘आहित’ म्हणजे डागाळलेला, मळलेला. म्हणून अनाहिता म्हणजे जिला डाग नाही ती, निर्मळ, निष्कलंक.

आपल्याकडे बऱ्याच जणांना हा शब्द संस्कृत वाटतो. ‘अन् अधिक अहित, म्हणजे जी कुणाचं अहित करत नाही ती’ अशी फोड ते करतात. ऐकायला ती गोड आहे, पण टिकत नाही. संस्कृतात जिथं ‘स’ असतो तिथं अवेस्तात बहुतेक वेळा ‘ह’ येतो : सोम तिथं हओम होतो, असुर अहुर होतो, सप्त हप्त होतो, सिंधू हिंदू होते. त्यामुळे अवेस्तातला ‘ह’ दिसला की संस्कृतातल्या ‘ह’कडे धाव घेऊन भागत नाही. ‘अहित’, ‘हित’ यांतला ‘ह’ मुळात ‘धा’ या धातूतला आहे, आणि तो धातू अवेस्तात ‘दा’ असा येतो. थोडक्यात, अनाहिता आणि अनहित यांचं नातं फक्त उच्चारातल्या साम्यापुरतं आहे. ‘अनाहत’शीही तिचा काही संबंध नाही. अनाहत हा योगशास्त्रातला वेगळा, अस्सल संस्कृत शब्द आहे.

आता एक गोष्ट लक्षात आली असेल. ओली, बलवान, निष्कलंक ही तिन्ही विशेषणं आहेत. मग देवीचं स्वतःचं नाव कुठं गेलं? हेर्मान लोमेल या जर्मन अभ्यासकानं मांडलेला तर्क असा, की तिचं मूळ नाव ‘हरह्वती’च्या जवळचं असावं. स आणि ह यांचा वर सांगितलेला नियम लावून बघा : हरह्वती म्हणजे सरस्वती. अवेस्तात हरह्वइती नावाचा प्रदेश येतो. तो आजच्या दक्षिण अफगाणिस्तानात, कंदाहारच्या आसपास. ऋग्वेदातली सरस्वतीही पर्वतातून उतरून समुद्राकडे धावणारी प्रचंड नदी आहे, तीही पावन करणारी आहे, तीही अपत्य आणि बळ देते. हा तर्क सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही, पण मला तो पटतो. इराणी आणि वैदिक लोकांचे पूर्वज एका भाषेत बोलत होते. त्यांनी आपल्या नदीदेवतेला एका नावानं पुकारलं असेल आणि पुढं एका शाखेनं नाव जपलं, दुसरीनं विशेषण, यात अशक्य काही नाही.

‘निष्कलंक’ हा अर्थ आजच्या आईबापांना जरा अडचणीचा वाटू शकतो. मुलीच्या गळ्यात पावित्र्याचं ओझं कशाला अडकवायचं, असा प्रश्न रास्त आहे. पण यश्त वाचलं की ही शंका उरत नाही. तिथं निर्मळ आहे ते पाणी. हुकइर्य नावाच्या उंच पर्वतावरून ते खाली झेपावतं आणि वोउरुकश समुद्रात शिरतं, तेव्हा सगळ्या किनाऱ्यांवर उसळी येते. देवीचं वर्णनही लाजऱ्याबुजऱ्या मुलीचं नाही. तिचे दंड गोरे आणि घोड्याच्या खांद्याएवढे भरदार आहेत. ती स्वतः रथ हाकते. त्याला चार घोडे : वारा, पाऊस, ढग आणि गारा. अंगात बीव्हरच्या कातड्याचा झगा, कारण हा प्राणी पाण्यात राहणारा आणि त्याची लव चांदीसोन्यासारखी चमकते असं स्तोत्रच सांगतं. कानांत चौकोनी सोन्याची कर्णभूषणं, डोक्यावर शंभर ताऱ्यांचा सोन्याचा मुकुट. इतकं बारीक वर्णन अवेस्तात फार थोड्या देवतांच्या वाट्याला आलं आहे. कवीनं तिची मूर्ती समोर ठेवून हे लिहिलं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात ते त्यामुळेच.

तिची कामंही पाण्याचीच आहेत. पुरुषाचं बीज आणि स्त्रीचं गर्भाशय ती शुद्ध करते, बाळंतपण सुखरूप पार पाडते, आईला वेळेवर दूध आणते. त्याच दमात ती योद्ध्यांना जय देते. शंभर घोडे, हजार बैल, दहा हजार मेंढ्या असा नैवेद्य घेऊन राजे तिच्यापुढं उभे राहतात. यिम येतो, थ्रएतओन येतो, स्वतः अहुर मज्दही तिची आराधना करतो. तीन तोंडांचा अजि दहाकही येतो आणि ‘पृथ्वीचे सातही खंड मला निर्मनुष्य करू दे’ असा वर मागतो. नैवेद्य तेवढाच असतो. देवी त्याला साफ नकार देते. मला या स्तोत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते : मागणारा कोण आहे आणि काय मागतो आहे, हे ती बघते.

स्तोत्रातून बाहेर पडून अनाहिता शिलालेखात आली ती दुसरा अर्तक्षत्र या इराणच्या हखामनी सम्राटाच्या काळात. ग्रीक त्याला आर्टाक्सर्क्सिस म्हणत. इसवी सनपूर्व ४०४ ते ३५८ अशी त्याची कारकीर्द. त्याच्या आधीचे हखामनी राजे शिलालेखांत अहुर मज्दाचंच नाव घेऊन संरक्षण मागत; यानं सूसा आणि हमदान इथल्या लेखांत अहुर मज्द, अनाहिता आणि मिथ्र अशी तीन नावं कोरली. बाबिलोनच्या बेरोसस या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे, की इराणी लोकांना देवतांच्या मूर्ती पुजायला याच राजानं लावलं आणि बाबिलोन, सूसा, एकबताना, बाल्ख, दमास्कस, सार्डिस अशा ठिकाणी अनाहितेच्या मूर्ती बसवल्या. त्याच्या आधी हिरोडोटसनं या देवीचा उल्लेख केला होता, पण तिचं नाव त्यानं चुकून ‘मित्र’ असं दिलं. मित्र म्हणजे वर आलेला मिथ्र, आणि तो पुरुषदेव आहे. ग्रीकांनी पुढं तिला ‘अनाइटिस’ म्हटलं, कारण शब्दाच्या मधला ‘ह’ त्यांच्या लिपीत बसत नव्हता. कधी तिला आर्टेमिस मानलं, कधी अफ्रोडाइटी, कधी अथीना. ज्याला जे अंग दिसलं त्यानं ते धरलं. इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांत अनाहितेचा अर्थ ‘प्रेमाची देवी’ असा दिसतो तो या ग्रीक अफ्रोडाइटीमुळे. मूळ अर्थ तो नव्हे.

एकबताना म्हणजे आजचं हमदान. तिथल्या देवीच्या मंदिराचे खांब सोन्यानं मढवलेले होते आणि कौलं चांदीची होती, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. सिकंदरानं आणि त्याच्या सेनापतींनी बरंच सोनं काढून नेलं. राहिलेल्या चांदीवर इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या अँटिओकसनं हात मारला आणि तिची नाणी पाडली. याच मंदिरातली आणखी एक हकिगत प्लुटार्कनं दिली आहे. आस्पासिया नावाच्या स्त्रीवर दुसऱ्या अर्तक्षत्राचं मन होतं आणि त्याच्या मुलानं तिला मागितलं. राजाला शब्द मोडता येईना. मग त्यानं तिला एकबतानाच्या अनाइटिसची पुजारीण करून टाकलं, म्हणजे उरलेलं आयुष्य तिला ब्रह्मचर्यात काढावं लागावं. निष्कलंक या विशेषणाचा राजांनी केलेला हा वापर देवीच्या स्तोत्रात कुठंच बसत नाही.

आर्मेनियात तर अनाहिता ‘अनाहित’ होऊन घरचीच झाली. एरेज इथं, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेल्या एर्झिंजानच्या परिसरात, तिची भरीव सोन्याची मूर्ती होती. मार्क अँटनीच्या सैन्यानं पूर्वेकडच्या मोहिमेत ती फोडून लुटली. रोमन लेखक प्लिनीनं पुढची गोष्ट नोंदवली आहे. सम्राट ऑगस्टस बोलोन्यात त्या मोहिमेतल्या एका म्हाताऱ्या सैनिकाकडं जेवायला गेला होता. त्यानं विचारलं, ‘मूर्तीला पहिला हात लावणारा आंधळा होऊन, हातपाय लुळे पडून मेला म्हणतात, ते खरं का?’ यजमान म्हणाला, ‘महाराज, आपण आत्ता जेवता आहात ते तिच्याच पायावर. पहिला हात लावणारा मीच. आणि माझी सगळी दौलत त्या लुटीतलीच आहे.’

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला आर्मेनियानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आर्मेनियन परंपरा सांगते, की संत ग्रेगरीनं अनाहितच्या मूर्तीला हार घालायला नकार दिला आणि राजा तिरिदातनं त्याचे हाल हाल केले. पुढं तोच राजा ख्रिस्ती झाला आणि देवळं पाडली गेली. मूर्ती गेल्या, पण नाव गेलं नाही. १९व्या शतकात गाजारोस अघायान या लेखकानं ‘अनाहित’ नावाची परीकथा लिहिली आणि या नावाला नवं आयुष्य दिलं. अनाहित ही मेंढपाळाची मुलगी. राजपुत्र तिला मागणी घालतो तेव्हा ती विचारते, ‘तुला कोणतं कसब येतं?’ राज्य आज आहे, उद्या नाही. हातात हुन्नर असेल तर लग्न करीन, असं तिचं म्हणणं. राजपुत्र जरीचं कापड विणायला शिकतो. पुढं तो एका कपटी पुजाऱ्याच्या भुयारात अडकतो, तेव्हा तिथं बसून विणलेल्या कापडात खुणेची अक्षरं गुंफून तो निरोप धाडतो. तो निरोप वाचू शकणारी एकटी अनाहित. ती फौज घेऊन घोड्यावरून येते आणि नवऱ्याला सोडवते. १९४७ साली हामो बेकनाझारियान यांनी याच कथेवर चित्रपट काढला. आर्मेनियात अनाहित नावाच्या बायका पावलोपावली भेटतात, त्यात या हुशार मेंढपाळकन्येचा वाटा मोठा आहे. सताला इथं १८७२च्या सुमारास सापडलेलं, अनाहित देवीचं मानलं जाणारं कांस्यशिर आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आर्मेनियानं ते आपल्या ५,००० द्रामच्या नोटेवर छापलं होतं.

पण आपल्याला शोध घ्यायचा आहे तो माणसांच्या नावाचा. देवीचं नाव मुलीला कधीपासून ठेवू लागले? याचा एक खणखणीत पुरावा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला आहे. सासानी घराण्याचा मूळपुरुष सासान हा इस्तख्रच्या अनाहितेच्या अग्निमंदिराचा रखवालदार होता, असं इतिहासकार तबरीनं लिहिलं आहे. त्याच घराण्यातल्या पहिल्या शापूर राजानं नक्श-ए-रुस्तम इथल्या दगडी मनोऱ्यावर तीन भाषांत लेख कोरून घेतला. त्यात घरातल्या माणसांच्या नावानं अग्नी स्थापल्याची नोंद आहे आणि त्यात एक नाव आहे ‘आदुर-अनाहिद’, राण्यांची राणी, शापूरची मुलगी. आदुर म्हणजे अग्नी. अग्नी आणि जलदेवता यांना एका मुलीच्या नावात बांधणारे ते आईबाप रसिक असले पाहिजेत. केरमानशाहजवळच्या ताक-ए-बुस्तानच्या मोठ्या कोनाड्यात सासानी सम्राटाच्या एका बाजूला उभी असलेली, हातातल्या सुरईतून पाणी ओतणारी देवी आजही बघता येते.

सासानी काळात ‘अनाहिता’चं ‘अनाहिद’ झालं होतं. पुढच्या फारसीत पहिला ‘अ’ गळला आणि ‘नाहिद’ उरलं. शब्दांची अशी झीज होतच असते. पण इथं झिजला तो नेमका नकाराचा ‘अ’. ‘डाग नसलेली’ यातलं ‘नसलेली’ निम्मं पुसलं गेलं, तरी कुणाला त्याची बोच लागली नाही, कारण तोवर हा शब्द आकाशात चढला होता. नाहिद म्हणजे शुक्र. फारसी कवींनी नाहिदला आकाशातली गायिका केली. हाफिजच्या गझलांमध्ये ती चंग हे तंतुवाद्य छेडते. फिरदौसीच्या शाहनाम्यात नाहिद ही रूमच्या फैलकूस राजाची मुलगी आहे. इराणचा दाराब तिच्याशी लग्न करतो, पण तिच्या श्वासाची दुर्गंधी त्याला सहन होत नाही. इस्कंदर नावाच्या औषधी वनस्पतीनं दुर्गंधी जाते, मन मात्र उडतं ते उडतंच. तो तिला माहेरी धाडतो. तिला होणारा मुलगा म्हणजे इस्कंदर, सिकंदर. एकबतानाचं मंदिर लुटणारा सिकंदर इराणी महाकाव्यात अनाहितेचंच नाव लावणाऱ्या बाईच्या पोटी जन्माला घातला गेला, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

फारसीबरोबर नाहिद हिंदुस्थानात आली आणि मुस्लीम घरांत रुजली. तिचं इथलं एक रूप मुद्दाम सांगण्यासारखं आहे. बनारसच्या नाहिद आबिदी या संस्कृतच्या विदुषी. दारा शुकोहनं करवलेल्या उपनिषदांच्या फारसी अनुवादावर त्यांनी काम केलं आणि २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अवेस्तातलं नाव, फारसीतला उच्चार आणि आयुष्यभराचा व्यासंग संस्कृतचा. यापेक्षा या नावाचं सार्थक काय व्हावं?

तुर्कस्तानात नाहित हे पुरुषांचंही नाव आहे; नाहित सर्री ओरिक हे तिथले प्रसिद्ध लेखक. अरबीतलं ‘नाहिद’ हे दिसायला सारखं पण मुळात वेगळं, त्याच्या अर्थाचा पाण्याशी काही संबंध नाही. लॅटिन अमेरिकेत लोकप्रिय असलेलं ‘अनाही’ हे तिथल्या गुआरानी लोकांच्या दंतकथेतलं नाव आहे. याद्यांत ही सगळी नावं एका ओळीत टाकलेली आढळतात, तिथं सावध राहावं.

आता मुंबई. पारशी दिनदर्शिकेत प्रत्येक महिन्याला आणि महिन्यातल्या तिसांपैकी प्रत्येक दिवसाला यजतांची, म्हणजे पूजनीय शक्तींची नावं आहेत. आठवा महिना आवां आणि दहावा रोज आवां. आवां म्हणजे तेच आबान, पाणी. आवां महिन्याचा आवां रोज आला की तो पाण्याचा सण, ‘आवां माहना आवां रोज’चं परब. शहेनशाही पंचांगाप्रमाणे हल्ली तो मार्चच्या उत्तरार्धात पडतो. त्या दिवशी पारशी मंडळी समुद्रावर किंवा विहिरीवर जातात, आर्दवीसूर न्यायेश ही प्रार्थना म्हणतात, फुलं, साखर, नारळ वाहतात. घरी ‘दारनी पोरी’ होते. तुरीची डाळ शिजवून साखर, वेलची, सुका मेवा घालून केलेलं पुरण आणि वर तुपाळ पारीचं जाड आवरण. आपल्या पुरणपोळीची ही जाडजूड बहीण. तिचा तुकडाही पाण्याला वाहतात.

चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे. १७२५ साली भिखाजी बेहरामजी पांडे यांनी ती खोदली. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोड लागलं, म्हणून ती श्रद्धेचं ठिकाण झाली. पांडे हे आडनाव कसं पडलं त्याची कथा मराठी वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. भरूचहून मुंबईकडं येताना भिखाजींना मराठ्यांच्या शिपायांनी मोगलांचा हेर समजून पकडलं आणि पांडवगडावर ठेवलं. अंगातलं सुद्रे आणि कमरेची कुस्ती दाखवून आपण पारशी आहोत हे त्यांनी पटवलं, तेव्हा सुटका झाली. पांडवगडावरून ते पांडे झाले, असं सांगतात. विहिरीवरच्या रंगीत काचांच्या छपराखाली पारशांनाच प्रवेश असतो. परबाच्या दिवशी तिथं भक्तांची रीघ लागते, आणि ज्या देवीचं स्तोत्र म्हटलं जातं ती ही अरेद्वी सूरा अनाहिताच.

गंमत अशी की जुन्या पारशी घरांत अनाहिता हे नाव फारसं ठेवत नसत. तिथं मुली आवां असत, आबान असत, आवाबाई असत. ही नावं याच पाण्याशी जोडली जातात. मुंबईकरांना त्यातली एक आवाबाई रोज भेटते, फक्त तिचं स्वतःचं नाव मागं पडलं आहे. सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी लेडी आवाबाई. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडत, माणसं मरत. पूल बांधायला सरकारनं पैसा द्यायचं नाकारलं, तेव्हा आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले आणि वाटसरूंकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. शहरानं रस्त्याला नाव दिलं ते लेडी जमशेटजी रोड. नावाड्याला सुखरूप घरी पोचवणाऱ्या देवीच्या नावाची बाई खाडीवर पूल बांधते, हा योगायोग मी तरी विसरू शकत नाही.

विसाव्या शतकात अवेस्ताचे छापील अनुवाद घरोघरी पोचले आणि इराणातही इस्लामपूर्व नावांची नवी आवड निर्माण झाली, तेव्हा ‘अनाहिता’ हे पूर्ण रूप पुन्हा वर आलं. इराणात ते आज सर्वपरिचित आहे. १९७९च्या क्रांतीनंतर देश सोडून गेलेल्या कुटुंबांनीही ते पसंत केलं. इराणी मातीतलं, कुठल्याही युरोपीय भाषेत सहज उच्चारता येणारं नाव त्यांना हवं होतं. अफगाणिस्तानात डॉ. अनाहिता रातेबजाद १९६५ साली संसदेवर निवडून आल्या; तिथल्या पहिल्या महिला खासदारांपैकी त्या एक. पारशी बोलीत मधला ‘ह’ बरेचदा हलका होतो आणि नाव ‘अनाइता’ असं लिहिलं जातं. फॅशनच्या क्षेत्रातल्या अनाइता श्रॉफ अडजानिया हे त्याचं ठळक उदाहरण. नकळत मुंबईच्या पारशांनी तेच केलं जे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीकांनी केलं होतं. खगोलशास्त्रज्ञ पीटर्स यांनी १८८७ साली शोधलेल्या २७० क्रमांकाच्या लघुग्रहाचं नावही अनाहिताच.

आपल्याकडे हे नाव दुर्मीळ आहे याचं पहिलं कारण साधं आहे : ज्यांच्या परंपरेतलं ते आहे तो समाजच लहान आहे. २०११च्या जनगणनेत भारतातले पारशी ५७,२६४ भरले. दुसरं कारण असं की नाहिद ही अनाहिताच आहे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ती मोजणीत धरली तर हे नाव दुर्मीळ राहत नाही, ते भूमध्य समुद्रापासून गंगेपर्यंत पसरलेलं दिसतं. अलीकडे पारशी नसलेल्या काही मराठी घरांतही अनाहिता ऐकू येऊ लागली आहे. त्याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

असं नाव ठेवणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं : ‘ना’ दीर्घ म्हणा, मधला ‘ह’ गिळू नका. कुणी अर्थ विचारला तर प्रेमाची देवी सांगू नका, अहित न करणारी असंही सांगू नका. निर्मळ, वाहती आणि बळकट पाण्याची देवी आहे ती, एवढं सांगा. आणि मुलगी वाचायला लागली की तिला आबान यश्तातली पाउर्वाची आणि अजि दहाकाची गोष्ट नक्की वाचून दाखवा.